दादाजवळ कोण थांबणार?

लग्नाची किंवा मुंजीची पत्रिका आली की बहुतेक घरांत साड्या, आहेर, जायची गाडी यांची बोलणी सुरू होतात. आमच्या घरी पहिला प्रश्न एकच असतो : दादाजवळ कोण थांबणार?

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वय ४१. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. त्याला बोलता येत नाही, पण ऐकलेलं सगळं समजतं. ‘हो’ म्हणायचं असेल तर तो डोळे वर करतो, ‘नाही’ असेल तर तोंड फिरवतो. आम्ही मुरगाव तालुक्यातले, वास्कोचे. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली. माझं सासर पर्वरीला, नोकरी पणजीत. धाकटा भाऊ जहाजावर असतो. त्यामुळे दादाचं सगळं आईच करत आली. तिचं वय ६८.

‘सगळं करते’ हे दोन शब्द आपण फार सहज म्हणतो. त्यात काय काय येतं ते एकदा मोजून बघा. सकाळी उठवणं, स्वच्छता, अंघोळ, कपडे, मऊ भात भरवणं, औषधं, दुपारी कूस बदलणं, संध्याकाळी खुर्चीत बसवणं, रात्री झटका आला तर जागं राहणं. यातलं एकही काम उद्यावर ढकलता येत नाही. रविवार नाही, चवथ नाही, ताप आला म्हणून रजा नाही.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी आईला गुडघा बदलायला सांगितलं. ‘दिवाळीनंतर बघू’ असं म्हणता म्हणता तीन दिवाळ्या गेल्या. शस्त्रक्रियेची तिला भीती नव्हती. नंतर काही महिने वजन उचलायचं नाही, ही अट तिला परवडणारी नव्हती. दादाचं वजन ४६ किलो आहे.

या लेखाचं कारण तेच. आपल्या मंडळाच्या कुटुंबांतही अशी घरं आहेत. कुठे मतिमंद बहीण आहे, कुठे स्वमग्न मुलगा, कुठे अपघातानंतर अंथरुणाला खिळलेले काका. २०११ च्या जनगणनेत गोव्यात ३३,०१२ दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. त्यातल्या पुष्कळांच्या मागे एक आई, एक बायको किंवा एक बहीण अशी उभी असते आणि तिची नोंद मात्र कुठेच नसते.

विसावा म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत ज्याला रेस्पाइट केअर म्हणतात, त्याला आपल्याकडे विसावा हा छान शब्द आहे. काळजी घेणाऱ्या माणसाला ठरावीक वेळ मोकळा मिळावा म्हणून तेवढ्या वेळापुरती दुसऱ्या कुणीतरी जबाबदारी घेणं, एवढाच त्याचा अर्थ. हे चार तऱ्हांनी होऊ शकतं.

पहिली तऱ्हा घरच्या घरी. नातेवाईक, शेजारी किंवा पगारी मदतनीस दोन-चार तास येऊन बसतो. दुसरी दिवसाचं केंद्र. माणूस सकाळी जातो, दुपारी परत येतो. तिसरी अल्पमुदतीचा निवास, म्हणजे काही दिवस किंवा आठवडे दुसरीकडे राहणं. चौथी अडचणीच्या वेळची सोय. घरातला सांभाळणारा माणूस अचानक आजारी पडला किंवा वारला, तर त्या रात्री काय करायचं याची आधी ठरवून ठेवलेली व्यवस्था.

आपल्याकडे विसावा म्हटलं की लोक एकदम ‘संस्थेत ठेवणार का?’ असं विचारतात. आईलाही तो शब्द ऐकला की राग यायचा. पण कायमचा निवास ही वेगळी गोष्ट आहे. त्याने घरी नीट राहावं आणि सांभाळणाऱ्याची तब्येतही टिकावी, यासाठीच विसावा असतो.

शाळा होती तोवर

खरं सांगायचं तर गोव्यातल्या बहुतेक आयांना मिळालेला पहिला विसावा म्हणजे विशेष शाळा. पर्वरीची संजय शाळा, फोंड्याच्या लोकविश्वास प्रतिष्ठानच्या शाळा, डिचोलीच्या केशव सेवा साधनचं काम ही नावं आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेली असतील. मूल तिथे शिकतं, त्याला फिजिओथेरपी मिळते, मित्र मिळतात. आणि घरी आईला चार-पाच तास मिळतात. त्या वेळात ती बँकेत जाते, बाजार करते, कधी नुसती झोपते.

शाळेचं वय सरलं की तो मुलगा पुन्हा घरात येतो. आता तो मोठा झालेला असतो, जड झालेला असतो आणि आई म्हातारी होत असते. गरज सगळ्यात जास्त वाढते तेव्हाच मदत बंद होते. अठराव्या वर्षानंतरची ही पोकळी पेडणे, डिचोली, मुरगाव सगळीकडे सारखीच आहे. आमच्या बाजूला अंतराचीही भर पडते. झुआरीचा नवा पूल झाल्यापासून रस्ता सोपा झाला आहे, तरी खुर्चीत बसलेल्या माणसाला घेऊन वास्कोहून रोज डिचोलीला जाणं कुणाला जमणार?

कायद्यात आणि योजनांत काय आहे

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ साली झाला. त्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे. या कायद्याने काळजीवाहकाची व्याख्याच केली आहे आणि त्यात पगार घेणाऱ्याबरोबर आई-वडील व घरची माणसंही येतात. पाचव्या कलमात दिव्यांग माणसाला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि घरपोच, निवासी व इतर आधारसेवा मिळाव्यात असं म्हटलं आहे. चोविसाव्या कलमात, ज्यांना फार जास्त आधार लागतो अशांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. केरळात ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्यांना दरमहा ६०० रुपये मिळतात. रक्कम लहान आहे, पण सांभाळणारा माणूस सरकारी कागदावर आला हे मोठं आहे. गोव्यातही आपण हा भत्ता मागितला पाहिजे.

दुसरा कायदा नॅशनल ट्रस्टचा, १९९९ चा. तो स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी आहे. त्याच्या योजनांची नावं पाठ करून ठेवा. ‘दिशा’ दहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. ‘विकास’ हे दहा वर्षांवरच्यांसाठीचं दिवसाचं केंद्र, जे दिवसाला किमान सहा तास चालवायचं असतं. ‘समर्थ’ ही खास विसाव्याच्या निवासाची योजना, आणि ‘घरौंदा’ प्रौढांच्या गटनिवासाची. ‘सहयोगी’मध्ये काळजीवाहकांना प्रशिक्षण मिळतं. ‘निरामय’ हा एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे. तो काढायला आधी वैद्यकीय तपासणी लागत नाही आणि त्यात थेरपीचाही खर्च धरला आहे.

या योजना ट्रस्टकडे नोंदलेल्या संस्थांमार्फत चालतात. म्हणजे गावात संस्था नसेल तर योजना कागदावरच राहते. म्हणून आपल्या भागातल्या संस्थेला भेटून ‘तुम्ही विकास किंवा समर्थ चालवता का, नसेल तर का नाही?’ असं विचारणं पालकांच्या हातात आहे. चार घरांनी मिळून विचारलं तर त्या विचारण्याला वजन येतं.

कागदपत्रांपैकी तीन आधी करून घ्या. एक, यूडीआयडी कार्ड. पुढच्या जवळजवळ प्रत्येक अर्जाला ते लागतं. दोन, निरामय. तीन, पालकत्वाचा आदेश. मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. या चार प्रकारांत बसणाऱ्या प्रौढासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. मुरगाव तालुक्यासाठी ते काम दक्षिण गोवा जिल्हाधिकारी कार्यालयात, मडगावला होतं. अर्ज आई-वडीलच नव्हे, भावंडंही करू शकतात.

नोकरदारांसाठी आणखी दोन गोष्टी. केंद्र सरकारच्या सेवेतल्या महिलांना आणि एकट्याने मूल वाढवणाऱ्या पुरुषांना पूर्ण नोकरीत ७३० दिवसांची बालसंगोपन रजा असते. दिव्यांग अपत्यासाठी त्यात वयाची अट नाही. आणि जुनी करपद्धती निवडणाऱ्यांना दिव्यांग अवलंबितासाठी ७५ हजार रुपयांची, तर तीव्र दिव्यांगतेसाठी सव्वा लाखाची वजावट मिळते. त्या वाचलेल्या पैशातून मदतनिसाचे काही तास सुटतात.

पालकांनी उभी केलेली घरं

सरकारची वाट न बघता पालकांनी किती करून ठेवलं आहे, हे महाराष्ट्रात बघायला मिळतं. नाशिकला रजनीताई लिमये यांनी स्वतःच्या मुलाच्या निमित्ताने १९७७ साली प्रबोधिनी विद्यामंदिर सुरू केलं. बदलापूरचं ‘आधार’ माधवराव गोरे आणि त्यांच्यासारख्या पालकांनी उभारलं. डोंबिवलीच्या अमेय पालक संघटनेने खोणी गावात ‘घरकुल’ बांधलं. पुण्याजवळ कोळवणला साधना व्हिलेज आहे. सगळ्यांच्या मुळाशी एकच प्रश्न होता : आमच्यानंतर काय? देशभरातल्या पालक संघटनांचा ‘परिवार’ हा महासंघही १९९५ पासून आहे.

ही घरं मुख्यतः कायमच्या निवासाची आहेत. थोड्या दिवसांसाठी ठेवून घेतात का, हे तिथे फोन करून विचारावं लागतं, आणि गोव्याहून तिथवर नेणं प्रत्येकाला झेपेल असंही नाही. पण ती बघून यावीत. दहा-बारा घरं एकत्र आली तर काय होतं ते कळतं.

बाहेरच्या देशांचंही थोडं सांगते. जर्मनीत १९९५ पासून काळजीचा वेगळा विमा आहे. घरी सांभाळणारा माणूस आजारी पडला किंवा सुट्टीवर गेला, तर वर्षाला आठ आठवड्यांपर्यंत बदली व्यवस्थेचा खर्च त्यातून मिळतो. जुलै २०२५ पासून त्यासाठी ३,५३९ युरोंची एकत्र रक्कम ठरवली आहे. इंग्लंडमध्ये २०१४ च्या कायद्याने सांभाळणाऱ्याला स्वतःच्या गरजांची पाहणी करून घेण्याचा हक्क दिला. तिथे ‘सुट्टी’ हा शब्द सरकारी कागदावर बिनदिक्कत लिहिलेला असतो. आपल्याकडे आईने तो उच्चारला तरी तिला अपराधी वाटतं.

आम्ही काय केलं

आम्ही एकदम शस्त्रक्रियेच्या तारखेपासून सुरुवात केली नाही. वर्षभर आधी दोन तासांपासून केली.

शेजारच्या काकी दर गुरुवारी दुपारी दादाजवळ बसायला तयार झाल्या. पहिल्या गुरुवारी आई कुठेच गेली नाही. काकींच्याच गॅलरीत जाऊन बसली आणि दर दहा मिनिटांनी वाकून आमच्या खिडकीकडे बघत होती. चौथ्या गुरुवारी ती दामोदराच्या देवळात जाऊन आली. दोन महिन्यांनी डिचोलीचा मावसभाऊ एक रात्र राहिला. मग आई पेडण्याला मावशीकडे दोन रात्री राहून आली. बाबा गेल्यापासून घराबाहेर काढलेल्या त्या पहिल्या दोन रात्री.

या सगळ्यात सर्वांत उपयोगी पडली ती एक दोनशे पानी वही. आईच्या डोक्यातलं सगळं आम्ही त्यात उतरवलं. औषधाचं नाव, वेळ, प्रमाण. भात किती मऊ, मासा कुठला आणि काटा कसा काढायचा. भरवताना पाठ सरळ हवी आणि जेवणानंतर अर्धा तास आडवं करायचं नाही, कारण अन्न श्वासनलिकेत जायची भीती असते. उचलताना दोन माणसं हवीत. झटका आला तर कुशीवर वळवायचं, तोंडात काहीही घालायचं नाही, घड्याळ बघायचं, पाच मिनिटांत थांबला नाही तर १०८ ला फोन करायचा. शेवटच्या पानावर त्याला काय आवडतं ते : जुनी नाट्यगीतं, आणि दाबोळीला उतरणारी विमानं बघणं.

पगारी मदतनीस मिळवणं सोपं गेलं नाही. एका एजन्सीने पाठवलेला पहिला माणूस मोबाइलमध्ये इतका गुंग होता की दादा खुर्चीत तिरपा होऊन घसरत चालल्याचं त्याला कळलंच नाही. सुदैवाने आई घरात होती. दुसऱ्या दिवसापासून त्याला बंद केलं आणि पुढच्या माणसासाठी नियम केले. ओळखपत्र आणि पोलीस पडताळणी. पहिले आठ दिवस घरचं कुणीतरी सोबत. उचलायचं कसं हे करून दाखवायचं, नुसतं सांगायचं नाही. दादाचे फोटो काढायचे नाहीत. आणि आम्ही कधीही न सांगता घरी येऊ, हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगायचं. पगाराचा मोठा वाटा जहाजावरचा भाऊ पाठवतो. लांब राहूनही आपला वाटा असा उचलता येतो.

दादाचं मत

विसाव्याच्या बोलण्यात एका माणसाला आपण विचारतच नाही. कुणाच्या हातून अंघोळ करून घ्यायची, हे ठरवायचा पहिला हक्क दादाचा. आम्ही त्याला प्रत्येक वेळी विचारलं. एका नातेवाइकाचं नाव घेतल्यावर त्याने तोंड फिरवलं, तो विषय तिथेच संपला. मावसभाऊ चालेल का म्हटल्यावर त्याने डोळे इतके वर केले की आम्ही हसलो. तो त्याला विमानं दाखवायला नेतो, हे दादाच्या चांगलं लक्षात होतं. ज्याला बोलता येत नाही त्याच्या बाबतीत खाणं, झोप आणि अंगावरच्या खुणा यांवर नीट नजर ठेवा. नको असलेली गोष्ट तो तशीच सांगतो.

गेल्या जानेवारीत आईचा गुडघा बदलला. पहिला दिवस चांगला गेला. दुसऱ्या रात्री दादाने जेवायचं नाकारलं, औषधही थुंकलं, आणि मावसभावाने अकरा वाजता मला घाबरून फोन केला. हॉस्पिटलच्या खाटेवरून आई व्हिडिओवर त्याच्याशी बोलली. औषध त्याने घेतलं, जेवला मात्र नाही. सकाळी पेज घेतली. वही होती, त्याचं माणसांशी वर्षभराचं सूत जुळलेलं होतं, म्हणून ती एक रात्र एका रात्रीवरच थांबली. हेच आईला अचानक न्यावं लागलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी मुद्दाम करून बघते.

आपल्या पिढीचं काम

वास्कोचा सप्ताह आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा. श्रावणात दामोदरापुढे चोवीस तास भजन अखंड चालतं. पण एकच गायक चोवीस तास गात नाही. एक पथक उठतं, दुसरं बसतं, टाळ मात्र थांबत नाहीत. घरच्या एका बाईकडून आपण वर्षानुवर्षं एकटीने गायची अपेक्षा करतो, आणि तिचा आवाज बसला की हळहळतो.

ज्यांच्या घरी दिव्यांग भावंड आहे त्यांनी आई-वडिलांशी हे बोलणं आत्ताच काढावं. तुम्ही पुण्याला असा, आखातात असा की जहाजावर. वर्षातून दहा दिवस आलात तर चवथीच्या पाहुण्यासारखे येऊ नका. त्यातले चार दिवस भावाची वही हातात घ्या आणि आईला कुठेतरी पाठवा. ज्यांच्या घरी असं कुणी नाही, त्यांनी शेजारी किंवा नात्यात कोण आहे ते बघावं. ‘काही लागलं तर सांगा’ असं म्हणू नका, कुणीही सांगत नाही. ‘गुरुवारी तीन ते पाच मी येते’ असं म्हणा.

आणि मंडळाला एक विनंती. महिन्यातला एक रविवार, सभागृह, उतरंड असलेलं दार, दोन-तीन शिकवून तयार केलेले तरुण आणि थोडी गाणी. एवढ्यात चार घरांना अर्धा दिवस मिळेल. नावं द्यायला मी आणि माझा मावसभाऊ पहिले आहोत.

आई आता काठीशिवाय चालते. गुरुवारची दुपार मात्र आम्ही बंद केलेली नाही.